घाटांचा राजा : फाउस्तो कॉप्पी

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर वडगाव आणि कामशेतच्या दरम्यान कान्हे फाटा लागतो. तेथून आत वळून इंद्रायणीवरचा पूल ओलांडला की टाकवे बुद्रुक येते. आंदर मावळातील वाड्या-वस्त्यांचे हे बाजाराचे गाव. कॅरिअरला दुधाच्या कॅनी अडकवून सायकलवरून कामशेत, तळेगावकडे जाणारी माणसे या भागात एकेकाळी सर्रास दिसत. आता शनिवार-रविवारच्या पहाटे पुणे आणि पिंपरी-चिंचवडहून निघालेले हौशी सायकलपटू याच रस्त्याने आंदर मावळात शिरतात किंवा महामार्गाने सरळ लोणावळ्याकडे जातात.

या महामार्गाला सायकल शर्यतीची परंपरा आहे आणि ती १९४० च्या दशकापर्यंत मागे जाते. मुंबई-पुणे शर्यतीत खोपोली सोडले की बोरघाटाची चढण सुरू होते. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटरची उंची गाठावी लागते आणि तोवर एकत्र चाललेला जथा येथे फुटतो. हा घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणून गौरवण्याची प्रथा मराठी वाचकांना परिचित आहे. युरोपातील मोठ्या शर्यतींतही डोंगरी टप्प्यांच्या विजेत्याला असाच किताब दिला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा वर्षांत या किताबाला खऱ्या अर्थाने वजन मिळवून दिले ते फाउस्तो कॉप्पी या इटालियन सायकलपटूने. इटलीत त्याला 'इल काम्पिओनिस्सिमो', म्हणजे विजेत्यांचाही विजेता, असे म्हटले जाई.

कॉप्पीची जगाला ठाऊक असलेली प्रतिमा एकट्या माणसाची आहे. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, घाटाच्या वळणावर एकच सायकल. प्रत्यक्षात त्याची कारकीर्द अनेकांच्या हातांवर उभी होती. आणि अखेरच्या आजारात एका मित्राच्या घरून आलेली सूचना वेळीच मानली गेली असती, तर वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू बहुधा टळला असता.

कास्तेल्लानियातील बालपण

आंजेलो फाउस्तो कॉप्पी याचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी वायव्य इटलीतील पिएमोंते प्रांतात, कास्तेल्लानिया या लहानशा गावी झाला. तोर्तोना शहराच्या मागे पसरलेल्या टेकड्यांवर थोडी घरे, द्राक्षमळे आणि शेते, एवढाच या गावाचा पसारा. शेतकरी कुटुंबातील पाच भावंडांमध्ये फाउस्तो चौथा होता. प्रकृतीने तो किरकोळ होता, हाडे नाजूक होती. पाय मात्र कमालीचे लांब आणि छाती रुंद. शाळेपेक्षा सायकलची ओढ अधिक. शाळा बुडवून सायकल चालवल्याबद्दल त्याला शंभर ओळी लिहून काढण्याची शिक्षा झाली होती, असे सांगतात.

वयाच्या तेराव्या वर्षी शाळा सोडून तो नोवी लिगुरे या गावात एका खाटकाच्या दुकानात कामाला लागला. गिऱ्हाइकांच्या घरी सायकलवरून मांस पोहोचवणे हे त्याचे काम होते. दुकानापासून घरापर्यंतचा डोंगरी रस्ताही तो सायकलनेच कापत असे. व्यापारी जहाजावर कप्तान असलेल्या त्याच्या काकांनी त्याला सायकल घेण्यासाठी सहाशे लिरा दिले आणि त्यातून त्याची पहिली शर्यतीची सायकल आली.

नोवी लिगुरे येथेच त्याची गाठ ब्याजो कावाना यांच्याशी पडली. कावाना हे सायकलपटूंना मालिश करणारे आणि त्यांना घडवणारे प्रशिक्षक. त्यांची दृष्टी गेलेली होती. हातांच्या स्पर्शाने स्नायू चाचपून ते सायकलपटूची पारख करीत. या पोरसवद्या नोकराच्या पायांत काय दडले आहे, हे त्यांनी ओळखले. आहार, झोप आणि पहाटेचा सराव यांची शिस्त त्यांनी लावून दिली. कॉप्पीच्या घडणीत या अंध माणसाचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो.

विसाव्या वर्षी विजेता

१९४० मध्ये लेन्यानो या संघाने कॉप्पीला करारबद्ध केले ते जिनो बार्ताली या कर्णधाराचा मदतनीस म्हणून. सायकल शर्यतीत अशा मदतनिसाला इटालियन भाषेत 'ग्रेगारियो' म्हणतात. कर्णधाराला पाणी आणून देणे, त्याची सायकल पंक्चर झाली तर आपले चाक काढून देणे आणि मुख्य म्हणजे त्याच्या पुढे राहून वारा अंगावर घेणे, ही त्याची कामे. सपाट रस्त्यावर सायकलपटूची बहुतेक ताकद वाऱ्याला कापण्यात खर्च होते. समोर कोणी असेल तर त्याच्या आडोशाने मागच्याचे श्रम बरेच कमी होतात. म्हणूनच ही शर्यत वरवर वैयक्तिक असली तरी मुळात ती सांघिक आहे.

त्या वर्षीच्या 'जिरो दि इटालिया' या तीन आठवड्यांच्या शर्यतीत बार्ताली सुरुवातीलाच पडून जखमी झाला. संघाने कॉप्पीला पुढे जाण्याची मोकळीक दिली. अपेनाइन डोंगरातील आबेतोने घाटातून त्याने मुसंडी मारली, आघाडी घेतली आणि ती शेवटपर्यंत टिकवली. ९ जून १९४० रोजी मिलान येथे शर्यत संपली तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. दुसऱ्याच दिवशी, १० जून रोजी, इटली युद्धात उतरली.

युद्धाने हिरावलेली वर्षे

सैन्यात भरती झालेल्या कॉप्पीला काही काळ शर्यतींसाठी सवलत मिळाली. ७ नोव्हेंबर १९४२ रोजी मिलानच्या व्हिगोरेल्ली ट्रॅकवर त्याने एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा जागतिक विक्रम केला. दोनच आठवड्यांपूर्वी या शहरावर बॉम्बहल्ला झाला होता. त्याने कापलेले अंतर ४५.७९८ किलोमीटर असल्याचे पुढे निश्चित झाले. आधीचा विक्रम ४५.७६७ किलोमीटरचा होता. म्हणजे फरक फक्त ३१ मीटरचा. तरीही हा विक्रम जवळजवळ चौदा वर्षे अबाधित राहिला. १९५६ मध्ये फ्रान्सच्या जाक आंकतीलने तो मोडला.

विक्रमानंतर काही महिन्यांतच कॉप्पीची रवानगी उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवर झाली. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात तो ब्रिटिशांच्या हाती लागला आणि युद्धकैदी झाला. छावणीतून पुढे दक्षिण इटलीत आणल्यानंतर काही काळ त्याने एका ब्रिटिश अधिकाऱ्याकडे काम केले. १९४५ मध्ये युद्ध संपता संपता तो उत्तरेकडे आपल्या गावी परतला. सायकलपटूच्या आयुष्यात विशी ते पंचविशी हा काळ सोन्यासारखा असतो. कॉप्पीच्या वाट्याला त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे गणवेशात आणि छावणीत आली.

मोडलेल्या देशाचा नायक

त्या काळातील इटलीची कल्पना भारतीय रसिकांना एका चित्रपटावरून आहे. व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' हा १९४८ चा चित्रपट भारतात १९५२ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. चोरीला गेलेल्या एका सायकलीसोबत कुटुंबाची भाकरीच जाते, ही त्याची कथा. ज्या देशात सायकल म्हणजे रोजगार होता, त्या देशात सायकल शर्यत जिंकणारा माणूस हा केवळ खेळाडू राहणे शक्य नव्हते.

१९ मार्च १९४६ रोजी मिलान-सान रेमो ही युद्धानंतरची पहिली मोठी शर्यत झाली. जवळपास तीनशे किलोमीटरच्या या शर्यतीत कॉप्पी प्रारंभीच पुढे निघालेल्या टोळीत सामील झाला आणि तुर्किनो खिंडीच्या चढावर त्याने सर्वांना मागे टाकले. बियांकी कंपनीचा फिकट निळसर-हिरवा पोशाख घातलेला हा सडपातळ तरुण सान रेमोत पोहोचला तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा सायकलपटू चौदा मिनिटे मागे होता. तो येईपर्यंत रेडिओवर संगीत लावण्याची वेळ निवेदकावर आली, असा किस्सा प्रसिद्ध आहे.

येथून पुढे कॉप्पी आणि बार्ताली यांच्यातील चुरशीने सारा देश दोन तटांत विभागला गेला. बार्ताली पाच वर्षांनी थोरला, टस्कनीचा, श्रद्धाळू कॅथलिक. त्याच्यामागे चर्च आणि ग्रामीण इटली. कॉप्पी अबोल आणि नव्या पद्धतींचा पुरस्कर्ता. त्याच्यामागे नवी, शहरी, कारखान्यांची इटली. ही विभागणी वृत्तपत्रांनी जितकी ठळक रंगवली तितकी ती प्रत्यक्षात नसावी. जर्मन अमलाच्या काळात बार्तालीने सायकलच्या नळीत बनावट ओळखपत्रे लपवून नेली आणि ज्यू कुटुंबांचे प्राण वाचवण्यास हातभार लावला. ही गोष्ट त्याने हयातभर फारशी उघड केली नाही. इस्रायलच्या याद व्हाशेम या संस्थेने २०१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, त्याचा गौरव केला.

१९४६ चा जिरो बार्तालीने अवघ्या ४७ सेकंदांनी जिंकला. १९४७ चा कॉप्पीने. १९४८ च्या जागतिक अजिंक्यपद शर्यतीत हॉलंडमधील व्हाल्केनबुर्ख येथे दोघांनी एकमेकांवर पाळत ठेवण्यातच दिवस घालवला आणि शर्यत अर्धवट सोडली. इटालियन महासंघाने दोघांनाही त्याबद्दल निलंबित केले.

क्युनेओ ते पिनेरोलो

कॉप्पीच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेला दिवस म्हणजे १० जून १९४९. जिरो दि इटालियाचा सतरावा टप्पा क्युनेओ ते पिनेरोलो असा २५४ किलोमीटरचा होता आणि वाटेत आल्प्स पर्वतातील पाच घाट होते : मद्दालेना, व्हार, इझोआर, मोंजनेव्हर आणि सेस्त्रिएरे. रस्ते बरेचसे कच्चे, खडीचे आणि चिखलाचे होते.

या टप्प्याची कल्पना येण्यासाठी बोरघाटाचे माप उपयोगी पडते. क्युनेओ हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५३० मीटर उंचीवर आहे आणि मद्दालेना घाटाचा माथा १,९९६ मीटरवर. म्हणजे पहिल्याच घाटात खोपोली-खंडाळा चढणीच्या जवळपास तिप्पट उंची गाठायची होती. त्यानंतर आणखी चार घाट उरत होते आणि त्यांतील इझोआर २,३६० मीटर उंच.

पहिल्याच घाटात कॉप्पीने वेग वाढवला. शर्यतीचे १९२ किलोमीटर बाकी होते. इतक्या लवकर एकट्याने पुढे जाणे म्हणजे पुढचे सारे तास आडोशाशिवाय वारा झेलणे. कोणताही अनुभवी सायकलपटू हा धोका टाळतो. बार्तालीने पाठलाग केला, पण अंतर प्रत्येक घाटात वाढतच गेले. रेडिओ निवेदक मारिओ फेर्रेत्ती यांनी त्या दिवशी 'एकटा माणूस आघाडीवर आहे' अशा आशयाच्या शब्दांत प्रक्षेपण सुरू केले आणि ते शब्द इटालियन भाषेत म्हणीसारखे रूढ झाले. नऊ तासांहून अधिक काळानंतर कॉप्पी पिनेरोलोला पोहोचला. बार्ताली ११ मिनिटे ५२ सेकंदांनी मागे होता. बाकीचे त्याहूनही मागे. 'कोर्रिएरे देल्ला सेरा' या दैनिकासाठी त्या वर्षीच्या शर्यतीचे वार्तांकन कादंबरीकार दिनो बुझ्झाती करीत होते. खेळाच्या बातमीसाठी साहित्यिकाला पाठवावे, इतके या शर्यतीला महत्त्व होते.

एकाच वर्षात दोन मुकुट

जिरो जिंकल्यावर काही आठवड्यांतच कॉप्पी 'टूर द फ्रान्स'मध्ये उतरला. त्या काळी टूरमध्ये राष्ट्रीय संघ भाग घेत असल्याने कॉप्पी आणि बार्ताली हे प्रतिस्पर्धी एकाच संघात आले. त्यांना एकत्र बांधून ठेवण्याची जबाबदारी व्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदा यांच्यावर होती. पहिल्या आठवड्यातच अपघातात कॉप्पीची सायकल मोडली, वेळ गेला आणि त्याने माघार घेण्याचे ठरवले. बिंदा आणि सहकाऱ्यांनी त्याची समजूत घातली. तेव्हा तो आघाडीपासून अर्ध्या तासाहून अधिक मागे होता.

आल्प्समध्ये चित्र पालटले. १८ जुलै हा बार्तालीचा पस्तिसावा वाढदिवस. इझोआर घाट दोघांनी बरोबरीने पार केला आणि ब्रियाँसाँ येथील टप्पा कॉप्पीने बार्तालीला जिंकू दिला. दुसऱ्या दिवशी बार्ताली मागे पडला तेव्हा कॉप्पी पुढे निघाला आणि आघाडीवीराचा पिवळा पोशाख त्याच्या अंगावर आला. पॅरिसला तो बार्तालीपेक्षा १० मिनिटे ५५ सेकंदांनी पुढे होता. जिरो आणि टूर एकाच वर्षी जिंकणारा तो पहिला सायकलपटू ठरला. १९५२ मध्ये त्याने हाच पराक्रम पुन्हा केला. २०२४ मध्ये तादेय पोगाचार यानेही ही कामगिरी केली, तेव्हा एका वर्षात दोन्ही शर्यती जिंकणारा तो केवळ आठवा सायकलपटू होता.

त्याच काळात भारतात

कॉप्पी यशाच्या शिखरावर असताना भारतातही या खेळाची बांधणी चालू होती. १९४६ मध्ये सायकलपटूंचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला भारतीय सायकलपटूंचा संघ गेला आणि त्यात मुंबईच्या पारशी तरुणांचा भरणा होता. तेथील रस्ता शर्यत विंडसर ग्रेट पार्कमध्ये झाली. फ्रान्सचा जोझे बेयार तीत विजेता ठरला. कॉप्पी किंवा बार्ताली तेथे नव्हते, कारण ऑलिम्पिक तेव्हा केवळ हौशी खेळाडूंसाठी होते. सायकलिंगमध्ये व्यावसायिकांना ही दारे १९९६ मध्ये उघडली. १९५१ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धांत सायकलिंगचा समावेश होता. मात्र युरोपात कारखानदारांच्या पैशावर उभे असलेले संघ, त्यांचे मदतनीस, मालिशवाले आणि वर्षभराच्या शर्यती ही जी व्यवस्था होती, ती येथे नव्हती. सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यातही सायकल हे मुख्यतः कामावर जाण्याचे साधन होते.

पडद्याआडचे हात

कॉप्पीने शर्यतीची पद्धतच बदलली. नेमका आहार, आखीव सराव, हलकी साधने आणि विश्वासू मदतनिसांचा संघ या गोष्टी त्याने नियमित केल्या. याला एक काळी बाजूही आहे. त्या काळी बंदी नसलेली उत्तेजके सायकलपटू सर्रास घेत आणि आपणही ती घेत असल्याचे कॉप्पीने उघडपणे सांगितले होते.

त्याच्या मदतनिसांपैकी आंद्रेआ कार्रेआ याची कथा विशेष आहे. युद्धकाळात बुखेनवाल्डच्या छळछावणीतून तो जिवंत परतला होता. १९५२ च्या टूरमध्ये लोझानच्या टप्प्यात तो नकळत आघाडीच्या टोळीत राहिला आणि संध्याकाळी पिवळा पोशाख त्यालाच मिळाला. आपण कर्णधाराची मर्यादा ओलांडली या भावनेने तो रडला आणि त्याने कॉप्पीची क्षमा मागितली. कॉप्पीने त्याचे अभिनंदन केले. दुसऱ्या दिवशी, ४ जुलै १९५२ रोजी, टूरचा टप्पा प्रथमच आल्प द्युएझ या एकवीस वळणांच्या चढणीवर संपला. कॉप्पीने तो जिंकला आणि पिवळा पोशाख कार्रेआकडून त्याच्याकडे आला. पुढे त्याची आघाडी इतकी वाढली की शर्यतीतील रस टिकावा म्हणून आयोजकांना दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस वाढवावे लागले. अखेर तो २८ मिनिटे १७ सेकंदांनी विजयी झाला.

त्याच शर्यतीत टिपलेले एक छायाचित्र इटलीत घरोघरी पोहोचले. गालिबिए घाट चढताना कॉप्पी आणि बार्ताली यांच्यात पाण्याची बाटली हस्तांतरित होत आहे. बाटली कोणी कोणाला दिली, हा वाद आजतागायत मिटलेला नाही.

सर्वांत जवळचा हात मात्र तोवर सुटला होता. धाकटा भाऊ सेर्से हाही सायकलपटू होता आणि १९४९ च्या पॅरिस-रुबे शर्यतीत तो संयुक्त विजेता ठरला होता. २९ जून १९५१ रोजी पिएमोंतेतील शर्यतीत शेवटच्या टप्प्यात तो पडला. उठून त्याने शर्यत पूर्ण केली, पण काही तासांतच मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला. कॉप्पीने खेळ सोडण्याचा विचार केला. त्या वर्षीच्या टूरमध्ये मोंपेलिएच्या वाटेवर तो अक्षरशः कोसळला आणि सहकाऱ्यांनी त्याला कसेबसे मुक्कामी आणले.

शेवटचे शिखर आणि खटला

१९५३ च्या जिरोमध्ये स्वित्झर्लंडचा ह्यूगो कोब्लेट जवळपास दोन मिनिटांच्या आघाडीवर होता. शर्यत संपायला दोन दिवस उरले असताना स्टेल्व्हियो हा २,७५८ मीटर उंचीचा घाट प्रथमच मार्गात आला. बर्फाच्या भिंतींमधून कॉप्पीने कोब्लेटला मागे टाकले आणि पाचवे विजेतेपद मिळवले. १९४०, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशी ही पाच वर्षे. त्याच वर्षी ३० ऑगस्टला लुगानो येथे तो व्यावसायिक रस्ता शर्यतीचा जगज्जेता झाला. याशिवाय मिलान-सान रेमो तीनदा, जिरो दि लोम्बार्दिया पाचदा आणि १९५० ची पॅरिस-रुबे या एकदिवसीय शर्यतीही त्याच्या नावावर आहेत. या सर्व काळात खांदा, श्रोणी आणि मांडीचे हाड मोडण्याचे प्रसंग त्याच्यावर आले.

याच सुमारास त्याचे खासगी आयुष्य देशाच्या चर्चेचा विषय झाले. एका डॉक्टरांच्या पत्नी जुलिया ओक्किनी यांच्याशी त्याचे संबंध जुळले. दोघेही विवाहित होते. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदा नव्हता आणि विवाहित स्त्रीचे परपुरुषाशी संबंध हा फौजदारी गुन्हा होता. १९५४ मध्ये ओक्किनी यांना अटक झाली. १९५५ मध्ये न्यायालयाने दोघांनाही निलंबित कारावासाची शिक्षा सुनावली. त्यांच्या मुलाचा जन्म अर्जेंटिनात झाला. चर्चने नाराजी दर्शवली आणि ज्या रस्त्यांवर त्याचा जयघोष होत असे तेथे काही जण थुंकूही लागले. तो गुन्हा ठरवणारे कलम इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने १९६८ मध्ये रद्द केले. घटस्फोटाचा कायदा १९७० मध्ये आला.

वय वाढले तरी कॉप्पी थांबला नाही. १९५५ चा जिरो त्याने अवघ्या १३ सेकंदांनी गमावला. १९६० च्या हंगामासाठी त्याने सान पेल्लेग्रिनो या संघाशी करार केला. त्या संघाचा व्यवस्थापक होता जिनो बार्ताली. वीस वर्षांपूर्वी ज्याचा मदतनीस म्हणून त्याने सुरुवात केली, त्याच्याच हाताखाली शेवट होणार होता. तो योग आला नाही.

हिवताप

डिसेंबर १९५९ मध्ये काही युरोपीय सायकलपटू पश्चिम आफ्रिकेतील अपर व्होल्टा, म्हणजे आजचा बुर्किना फासो, येथे एका प्रदर्शनीय शर्यतीसाठी आणि शिकारीसाठी गेले. कॉप्पी, आंकतील आणि राफाएल जेमिनियानी हे त्यांत होते. रात्री डासांनी सर्वांना हैराण केले. घरी परतल्यावर काही दिवसांनी कॉप्पी आणि जेमिनियानी हे दोघेही एकाच सुमारास तापाने अंथरुणाला खिळले.

फ्रान्समध्ये जेमिनियानीच्या रक्ताची तपासणी झाली. हिवतापाचे जंतू सापडले, क्विनीन सुरू झाले आणि तो वाचला. त्याच्या घरून कॉप्पीच्या घरी हे कळवण्यात आले. इटलीतील डॉक्टर मात्र आपल्या निदानावर ठाम राहिले आणि त्यांनी श्वसनमार्गाच्या संसर्गावर उपचार चालू ठेवले. २ जानेवारी १९६० रोजी सकाळी तोर्तोनाच्या रुग्णालयात कॉप्पीचा मृत्यू झाला. जेमिनियानी पुढे वयाच्या ९९ व्या वर्षापर्यंत जगला. २०२४ मध्ये त्याचे निधन झाले.

भारतीय वाचकाला हा भाग चटका लावतो, कारण हा आजार येथे घरोघरी ठाऊक होता. डासांच्या शरीरात हिवतापाच्या जंतूचा शोध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथेच लावला होता. भारताने १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. फवारणी पथके खेड्यापाड्यांत फिरत होती. थंडी वाजून ताप आला की आधी हिवतापाची शंका घ्यायची, हे येथील साध्या दवाखान्यालाही माहीत होते. कॉप्पीच्या बाबतीत औषध होते, निदानाची सोय होती, नेमकी सूचनाही घरापर्यंत आली होती. उरला होता तो फक्त रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन पाहण्याचा प्रश्न.

गावाचे नाव

कास्तेल्लानियाच्या टेकडीवर फाउस्तो आणि सेर्से हे दोघे भाऊ शेजारी शेजारी विसावले आहेत. १९६५ पासून जिरो दि इटालियातील त्या त्या वर्षीच्या सर्वांत उंच घाटाला 'चिमा कॉप्पी', म्हणजे कॉप्पीचे शिखर, असे म्हटले जाते आणि तो प्रथम चढणाऱ्याला विशेष मान दिला जातो. २०१९ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दी वर्षात, गावाचे अधिकृत नावच 'कास्तेल्लानिया कॉप्पी' करण्यात आले. मांस पोहोचवणाऱ्या पोराच्या नावाने आता ते गाव ओळखले जाते.

टाकवे बुद्रुकसारख्या गावाच्या रस्त्यावरून पहाटे जाणाऱ्या सायकलपटूंना कॉप्पीची आकडेवारी पाठ असेलच असे नाही. परंतु खोपोलीहून बोरघाट चढताना शिंगरोबाच्या मंदिरापाशी ज्याचा श्वास फुलतो, त्याला क्युनेओ-पिनेरोलोचे १९२ किलोमीटर म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. घाट एकट्यानेच चढावा लागतो. पायथ्यापर्यंत मात्र कोणीतरी पुढे राहून वारा अंगावर घेतलेला असतो.